परांचीवरचा माणूस

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेस मांडवीचा किनारा आहे. काळसर वाळूची पुळण, समुद्रात शिरलेला धक्का, उजव्या हातास रत्नदुर्गाचा डोंगर आणि डाव्या हातास भाट्याची खाडी, असा तो रम्य परिसर आहे. एके काळी मुंबईहून येणाऱ्या आगबोटी समोरच्या पाण्यात थांबत आणि उतारू पडावांतून किनाऱ्यास लागत. आगबोटींचा तो काळ आता राहिला नाही. धक्क्यावर संध्याकाळी वारा खाण्यासाठी येणाऱ्यांची गर्दी मात्र असते.

कोकणातला पाऊस चार महिने कोसळतो. त्या दिवसांत बांधकाम जवळजवळ बंदच असते. पाऊस सरला, की मग एकच धांदल उडते. कोठे पावसाने काळवंडलेल्या भिंती खरवडून रंगविल्या जातात, कोठे जुन्या चिरेबंदी घरावर नवा मजला चढू लागतो. अशा घरापुढे बांबूंचा किंवा लोखंडी नळ्यांचा एक उंच सांगाडा उभा राहतो. त्यालाच परांची म्हणतात. काही ठिकाणी पहाड असाही शब्द आहे.

परांचीची गरज सहज ध्यानात येण्यासारखी आहे. भिंत गवंड्याच्या खांद्याच्या वर गेली, की जमिनीवर उभे राहून त्याला पुढचा थर लावता येत नाही. भिंत वाढते, तसा तोही वर गेला पाहिजे. म्हणून भिंतीपासून थोड्या अंतरावर उभे खांब रोवतात. खांबांना आडवे बांबू बांधतात. त्या आडव्या बांबूंवर तोकडे दांडे ठेवून त्यांचे दुसरे टोक भिंतीत सोडलेल्या भोकात बसवितात आणि दांड्यांवर फळ्या अंथरतात. त्या फळ्यांवर गवंडी उभा राहतो. तेथेच त्याचे चुन्या-सिमेंटचे घमेले, तेथेच थापी व ओळंबा, आणि तेथेच रचून ठेवलेले चिरे. परांची इमारतीबरोबर वाढते आणि इमारत पुरी झाली, की नाहीशी होते. वास्तुशांतीच्या पंगतीस बसलेल्या पाहुण्यांना ती दिसत नाही. ती कशी बांधली होती, हे कोणी विचारीतही नाही.

परंतु त्या चार-सहा महिन्यांत तिच्यावर वावरणाऱ्या माणसांचा जीव तिच्या गाठींवर अवलंबून असतो.

पाच मीटर उंची म्हणजे फार नव्हे. तळमजल्याच्या घरावर दुसरा मजला चढू लागला, की गवंड्याचे पाय सहज तितक्या उंचीवर जातात. तेथून माणूस पडला, तर जमिनीवर पोहोचण्यास त्याला सुमारे एक सेकंद लागतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी छत्तीस किलोमीटरांच्या आसपास असतो. रस्त्याने धावणाऱ्या स्कूटरचा वेग साधारण एवढाच. दहा मीटरांवरून पडला, तर वेळ दुप्पट मिळत नाही. तो दीड सेकंदाहूनही कमी असतो आणि वेग मात्र ताशी पन्नास किलोमीटरांवर जातो. ‘अरे!’ हा उद्गार तोंडातून पुरता बाहेर पडण्याइतकाही हा अवधी नव्हे. तेवढ्यात काही धरावे, अंग सावरावे, नीट पायांवर उतरावे, हे माणसाच्या हातचे नाही. जो पायांवर पडतो, त्याच्या टाचेची हाडे चुरतात आणि तोच धक्का वर चढून पाठीचा कणा मोडू शकतो. कण्यातील मज्जारज्जू दुखावला, तर कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडते. डोके आपटले, तर काय होते ते सांगावयास नको. घरातील कमावता माणूस असा अंथरुणास खिळला, म्हणजे त्याच्या मुलांच्या शाळेवरही गदा येते.

असा अपघात झाला, की भोवती जमलेले लोक दोन वाक्ये हमखास बोलतात. एक म्हणतो, ‘पाय घसरला.’ दुसरा म्हणतो, ‘त्याची वेळच आली होती.’ दोन्ही वाक्ये ऐकावयास बरी वाटतात. कारण त्यांत कोणाकडे बोट दाखवावे लागत नाही. तथापि पाय कोणाचा घसरत नाही? घराच्या ओसरीवर दिवसातून दोन वेळा पाय घसरतो, माणूस सावरतो आणि हसून पुढे जातो. परांचीवर घसरलेला तोच पाय जीव घेतो. तेव्हा पाय का घसरला, एवढेच विचारून भागत नाही. घसरल्यावर त्या माणसाला अडविण्यास तेथे काय होते, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर माणूस वर चढण्यापूर्वीच, पुष्कळदा आदल्या दिवशीच, ठरून गेलेले असते.

मांडवीतल्या एखाद्या साध्या परांचीकडे या दृष्टीने पाहावे. पहिली गोष्ट तिच्या पायाशी आहे. पावसाने भिजलेल्या मातीत नुसता खांब टेकला, तर भार येताच तो रुततो. एक खांब चार बोटे खचला, की वरची सारी चौकट कलते. म्हणून खांबाखाली रुंद फळी किंवा सपाट दगड बसवावा लागतो. कित्येक ठिकाणी फुटक्या विटांचे तुकडे सारून वेळ मारून नेतात. तुकडा फुटला, म्हणजे खांब अधांतरी लोंबतो आणि वर काम करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट बांबूची आणि गाठीची. कोकणात माणगा नावाचा बांबू होतो. तो आतून जवळजवळ भरीव असल्यामुळे भक्कम मानला जातो. परंतु भक्कम बांबूही पावसात पडून राहिला, त्याला कीड लागली, उभी चीर गेली, तर आधार देत नाही. सुंभाची गाठ ओली असताना आवळलेली असते. उन्हाने ती वाळली, की सैल होते. लोखंडी नळ्या वापरल्या, तर मांडवीचा खारा वारा त्यांस गंज चढवितो आणि जोडाचे स्क्रू आतल्या आत झिजतात. म्हणून परांची एकदा बांधली आणि काम संपेपर्यंत तिच्याकडे पाहिले नाही, असे चालत नाही. रोज सकाळी कोणी तरी जाणत्याने ती खालपासून वरपर्यंत हाताने चाचपून पाहिली पाहिजे. आणि रात्री वादळवारा किंवा अवकाळी पाऊस झाला असेल, तर तपासणीवाचून कोणाला वर पाठवूच नये. या तपासणीस अर्धा तास लागतो. मुकादमाला तो अर्धा तास फुकट गेल्यासारखा वाटतो, हीच मोठी अडचण आहे.

तिसरी गोष्ट फळ्यांची. परांचीवर दोनच फळ्या टाकून त्यांवरून तोल सांभाळीत चालणारे गवंडी सर्वत्र दिसतात आणि पाहणारा त्यांच्या कसबाचे कौतुक करतो. हे कौतुक चुकीच्या जागी आहे. फळ्या भिंतीपासून काठापर्यंत सलग असाव्यात, त्यांची टोके आधाराच्या बाहेर फार लोंबू नयेत आणि त्या बांधलेल्या असाव्यात. लोंबत्या टोकावर पाय पडला, की फळीचे दुसरे टोक वर उचलते, आणि ती फळी माणसाला घेऊन खाली येते. शिवाय भाराचा हिशेब असतो. जांभ्या दगडाच्या एका चिऱ्याचे वजन सहज पंचवीस-तीस किलो भरते, म्हणजे एखाद्या शाळकरी मुलाइतके. असे दहा चिरे एका फळीवर रचले, तर चार-पाच मोठी माणसे एकाच जागी उभी केल्यासारखे होते.

या सर्वांहून साधी, आणि म्हणूनच बहुधा गाळली जाणारी, गोष्ट म्हणजे कठडा. परांचीच्या मोकळ्या बाजूस कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा, त्याच्या खाली मध्यावर दुसरा, आणि फळीच्या काठाला एक उभी पट्टी, एवढ्याने काम भागते. वरचा दांडा उभ्या माणसास अडवितो, मधला बसून काम करणारास अडवितो. काठाची पट्टी थापी-हातोडा खाली पडू देत नाही. त्यामुळे खालून घमेले घेऊन जाणाऱ्या बाईचे डोके वाचते. दोन बांबू आणि एक फळी यांची किंमत ती काय! घराच्या खिडकीला नक्षीचे गज बसविण्यास जो खर्च येतो, त्याच्या काही अंशात हा कठडा होतो. आणि शिडी? ती चार मीटर उंच टेकवावयाची असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर पुढे असावा आणि तिचे वरचे टोक फळीच्या वर सुमारे मीटरभर निघालेले असावे. म्हणजे उतरताना हाताला धरण्यास काही तरी मिळते.

उंचावरचे काम कोकणच्या माणसाला नवे नाही. नारळ काढणारा पाडेली उंच माडावर चढतो. आंब्याच्या हंगामात बागेतले गडी फांद्याफांद्यांवर फिरतात. हापूस आंबा काढताना ते एक काळजी घेतात, ती येथे सांगण्यासारखी आहे. लांब काठीच्या टोकाला जाळीची पिशवी बांधलेली असते. तिला झेला म्हणतात. देठासह तोडलेला आंबा त्या जाळीत अलगद पडतो. तो जमिनीवर आपटला, तर डागाळतो आणि त्याला भाव येत नाही, हे बागाईतदार जाणतो. आंब्यासाठी जाळी असावी आणि माणसासाठी नसावी, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

माणसासाठी अशी जाळी लावण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत झाला. सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ समुद्राच्या मुखावर ‘गोल्डन गेट’ नावाचा प्रचंड झुलता पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. त्या काळी तिकडे पुलाच्या कामात दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस दगावणार, असा हिशेब गृहीत धरीत. लोखंड इतके, सिमेंट इतके, तशी माणसे इतकी! मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने हा हिशेब मानला नाही. त्याने कामगारांना टणक टोप्या घालण्याची सक्ती केली आणि पुलाच्या खाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरखंडाची भली मोठी जाळी बांधली. तिच्यावर एक लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला. काम चालू असताना एकोणीस माणसे तोल जाऊन त्या जाळीत पडली आणि जिवंत वर आली. या एकोणीस जणांनी थट्टेने आपले एक मंडळच काढले होते. नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परत आलेल्यांचे मंडळ, अशा अर्थाचे त्याचे नाव होते.

या हकीगतीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी, काम संपत आले असता, पुलाच्या पोटाशी टांगलेली एक जड परांची निसटली. तिच्या भाराने जाळी फाटली आणि परांचीसकट बारा माणसे समुद्रात पडली. त्यांपैकी दहा जण मेले. जाळी माणसाला झेलण्यासाठी बांधली होती. कित्येक टनांची परांची झेलण्याचे बळ तिच्यात नव्हते. म्हणजे जाळी हा शेवटचा आधार होय. परांचीच कच्ची असेल, तर खालच्या जाळीवर विसंबून राहता येत नाही.

आता पुन्हा रत्नागिरीकडे वळू. शहरापासून जवळच, कोकण रेल्वेच्या मार्गावर, पानवल नदीच्या दरीवर एक पूल आहे. त्याची उंची सुमारे ६४ मीटर आहे; दिल्लीच्या कुतुबमिनारापेक्षा ती थोडीच कमी. लांबी चारशे मीटरांहून अधिक. नेहमीच्या रीतीने हा पूल बांधावयाचा, तर दरीच्या तळापासून चौसष्ट मीटर उंच सांगाडे उभारून, त्यांवर माणसे चढवून काँक्रीट घालावे लागले असते. अभियंत्यांनी निराळी युक्ती केली. पुलाच्या वरच्या भागाचे तुकडे त्यांनी दरीच्या काठावर, पक्क्या जमिनीवर ओतले आणि ते एकामागून एक जोडून यंत्राच्या दाबाने खांबांच्या माथ्यावरून हळूहळू पुढे सरकविले. पूल जणू सरपटत दरी ओलांडून गेला. खांब उभे करण्यासाठी माणसांना उंचावर जावेच लागले. परंतु कामाचा मोठा भाग जमिनीवर आला. उंचावर काम करणाऱ्या माणसाला कसे सांभाळावे, याच्याही आधी हे काम खाली करता येईल काय, असा विचार करावा लागतो, तो असा.

कोकण रेल्वेचे काम १९९० साली हाती घेतले गेले आणि १९९८ साली सारा मार्ग वाहतुकीस खुला झाला. सुमारे साडेसातशे किलोमीटरांच्या या मार्गावर ९१ बोगदे खोदावे लागले. डोंगर फोडताना, दरड कोसळून, बोगद्यांत माती ढासळून अनेक कामगार प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्थानकाच्या आवारात श्रमशक्ती स्मारक उभारलेले आहे. गाडी गाठण्याच्या घाईत असलेले बहुतेक प्रवासी त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात.

बांधकाम करणाऱ्यांच्या रक्षणासाठी १९९६ साली भारतीय संसदेने स्वतंत्र कायदा केला. परांची कशी असावी, कठडा, जाळी व सुरक्षापट्टा कोठे लागतो, याविषयीचे नियम त्याखाली झाले. त्याच वर्षी बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविणारा दुसरा कायदा झाला. शेकडा एक रुपया या दराने जमणाऱ्या त्या पैशातून कामगारांच्या कल्याणाची तरतूद करावी, अशी ही योजना. वर्षातून नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या, अठरा ते साठ वयाच्या कामगाराची महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ लागली. पुढे २०२० साली तेरा कायदे एकत्र करून कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची एक संहिता संसदेने मंजूर केली. तिच्यात बांधकामाचाही समावेश आहे.

परंतु १९९६ चा तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असतील, तेथेच लागू होई. आणि मांडवीसारख्या ठिकाणी एका घरावर सहसा चार-पाचच माणसे असतात. सकाळी नाक्यावर मजुरी ठरते, संध्याकाळी पैसे हातात पडतात. अशा ठिकाणी ना मोठा ठेकेदार, ना अभियंता. तेथे घरमालक हाच सर्व काही असतो. लाद्यांचा रंग निवडण्यासाठी तो चार दुकाने हिंडतो. पण परांचीला कठडा आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे, असे त्याच्या मनातही येत नाही.

कधी कधी तर परांचीही नसते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. घरांची कौले व पत्रे उडाले. अशा वादळानंतर पाऊस तोंडावर असतो, म्हणून जो तो घाईने छपरावर चढतो. सिमेंटचा जुना पत्रा वरून दगडासारखा टणक दिसतो. माणसाचा पाय पडताच मात्र तो पापडासारखा मोडतो आणि माणूस थेट घरात कोसळतो. पत्र्यावर कधी सरळ पाऊल टाकू नये. खालच्या वाशांवर भार येईल अशी लांब फळी आडवी टाकून तिच्यावरूनच सरकावे, आणि कमरेला नव्हे, तर खांद्यांवरून व मांड्यांभोवती बसणारा पट्टा बांधून त्याची दोरी डोक्याच्या वर पक्क्या आधाराला अडकवावी. नुसत्या कमरपट्ट्याने पडणारा माणूस लटकतो खरा, परंतु त्या हिसक्याने त्याच्या पोटाला आणि कण्याला इजा होते.

इतके करूनही कोणी पडलाच, तर पहिली मदत जवळच्या माणसांनीच करावयाची असते, आणि नेमके तेव्हाच चांगल्या मनाची माणसे चूक करतात. ती जखमीला काखेत हात घालून उठवितात, पाणी पाजतात, रिक्षात मुडपून बसवितात. कणा मोडलेला असेल, तर या उठविण्यानेच मज्जारज्जू तुटण्याचा धोका असतो. वरून काही कोसळण्याचे भय नसेल, तर त्याला आहे त्याच जागी निजू द्यावे. एकाने त्याच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे, म्हणजे मान हलणार नाही. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. त्याचा श्वास चालू आहे ना, इकडे सतत लक्ष ठेवावे. तोंडात पाणीही घालू नये. दुसऱ्याने लगेच १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे सारे शाळकरी मुलालाही करता येते. निदान ‘त्याला हलवू नका’ हे तीन शब्द तरी त्याला मोठ्यांदा म्हणता येतात.

घर पुरे होते. रंगही वाळतो. आता परांची सोडावयाची असते. बांधण्याइतकेच हे कामही जोखमीचे आहे. कारण काम संपल्याच्या आनंदात ते नवख्या पोरांवर सोपविले जाते. कोणी खालची गाठ आधी सोडतो, आणि मग वरच्याला आधार उरत नाही. जाणता गवंडी सर्वांत वरच्या थरापासून आरंभ करतो. आधी फळ्या दोरीने खाली सोडतो, मग कठडा, मग आडवे बांबू. भिंतीतून तोकडा दांडा ओढून काढला, की तेथे एक चौकोनी भोक उरते. हाताशी ठेवलेल्या घमेल्यातील चुना-सिमेंट घेऊन तो ते बुजवितो, वर थापी फिरवितो, आणि एकेक थर उतरत, भोके बुजवीत, तो खाली येतो.